गोल्फ न खेळता झालेला गोल्फर्स एल्बो

(महिला मंडळाच्या ‘आरोग्य कट्टा’ कार्यक्रमात आपल्या गच्चीवर मी जे बोलले, ते स्मरणिका समितीने लिहून मागितलं. ‘काकू, बोललात तसंच द्या, सुधारत बसू नका’ असं बजावल्यामुळे फारसं सुधारलेलं नाही. माईक बंद पडला तेव्हा जे बोलले तेवढं वगळलं आहे.)



माझी ओळख करून द्यायची खरं तर गरज नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत माझी पोळी जाते, नाहीतर कधी ना कधी गेलेली आहे. सी विंग, तिसरा मजला. भाषण करायची सवय नाही, तेव्हा मध्येच अडखळले तर हसा, पण उठून जाऊ नका. नंतर बटाटेवडे आहेत, आणि ते मी केलेले नाहीत.

विषय माझ्या कोपराचा आहे. उजव्या. ज्या दुखण्याने मला सव्वा वर्ष छळलं त्याचं नाव ‘गोल्फर्स एल्बो’. डॉक्टरांनी कागदावर ते लिहिलं आणि ह्यांनी घरी येताना वॉचमनला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी खाली भाजी घ्यायला उतरले तर तो विचारतो, ‘काकू, गोल्फ कधी सुरू केलं?’ अहो, चेंबूरला गोल्फचं मैदान आहे एवढंच मला माहीत, तेही ऐकून. आपल्या डोंबिवलीत मोकळी जागा दिसली की तिथे आधी रिक्षा उभी राहते.

टेनिस एल्बो आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण तो सचिनला झाला होता. 2004 साली ऑस्ट्रेलियाविरुद्धचे सुरुवातीचे कसोटी सामने त्याला खेळता आले नाहीत, पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. तेव्हा घराघरांत लोक आपापलं कोपर दाबून बघत होते. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असतं. माझं आतल्या बाजूला, म्हणजे हात समोर धरून तळवा वर केला की कोपराची जी बाजू अंगाकडे येते तिथे. आता सगळ्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर चाचपून बघा. आतल्या बाजूला हाडाचं एक टोक लागतं ना? ते दंडाच्या हाडाचं खालचं टोक. मनगट आत वळवणारे, मूठ आवळायला लागणारे आणि तळवा पालथा करणारे स्नायू तिथून सुरू होतात. त्या स्नायूंना हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा म्हणतात तिला, ती तिथे खराब होते. गोल्फच्या काठीने चेंडू मारताना तिच्यावर ताण येतो म्हणून हे नाव. दगडफोडे, सुतार, प्लंबर, क्रिकेटमधले गोलंदाज यांनाही हे होतं. नाव मात्र ज्याच्याकडे पैसा त्याचं लागलं.

आणि पोळीवाल्यांना होतं. हे कुठल्या पुस्तकात मला दिसलं नाही, पण तुम्हीच बघा. कणीक मुठीने तिंबायची, नारळ खवायचा, सांडशीने पाच लिटरचं पातेलं उतरवायचं, पुरणयंत्राचा दांडा फिरवायचा, चादरी पिळायच्या. यांतलं प्रत्येक काम मूठ आवळून मनगट वळवण्याचं आहे. आणि सगळ्यांत वाईट तो सोऱ्या.

माझी सुरुवात सोऱ्यानेच झाली. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. रोजच्या 120 पोळ्या चालूच होत्या, म्हणजे चार किलो कणीक. त्यावर बारा दिवसांत बावीस किलो भाजणीच्या चकल्या घेतल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ह्यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडल्यापासून पोळीवरच आमचं घर उभं आहे, आणि त्या वर्षी धाकट्याची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. ऑर्डर येते तेव्हा ‘नको’ म्हणायची जीभ माझ्याकडे नव्हती. वसुबारसेच्या दिवशी सोऱ्याचा दांडा फिरवता फिरवता आतून कोपरात काहीतरी चावल्यासारखं झालं. तेल लावलं आणि पुढचा घाणा घातला.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, दुखणं राहिलं. आधी नुसतं काम करताना. मग चहाचा कप उचलताना. मग दाराची कडी, बरणीचं झाकण, रिक्षात चढताना धरायचा दांडा. एक दिवस सांडशीतून पातेलं निसटलं आणि आमटी ओट्यावरून खाली. पायावर पडली नाही हे नशीब. ह्यांनी आवाज ऐकून विचारलं, ‘काय झालं गं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, हात ओला होता.’ हे असं मी तीन महिने म्हणत होते. घरात कळलं की पोळ्या बंद करा म्हणतील, ही एकच भीती.

या तीन महिन्यांत मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मालीशवालीला बोलावून दुखऱ्या जागीच अंगठ्याने जोरात रगडून घेतलं. त्या रात्री हात उशीवरही ठेववेना. पेनकिलरच्या गोळ्या दुकानातून आणून रोज दोन, असं जवळजवळ महिनाभर घेतलं. मग पित्त सुरू झालं तेव्हा थांबवलं. मला साखर आहे, वय 54, त्या गोळ्या अशा मनाने महिनाभर घेणं पोटाला आणि मूत्रपिंडाला किती महागात पडू शकतं ते नंतर कळलं. कोपराला लोकरीचा पट्टा बांधून फिरले. त्याने उबेखेरीज काही मिळालं नाही.

शेवटी जानेवारीत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आतलं हाड दाबलं, मी ओरडले. मग हात सरळ, तळवा वर, आणि मनगट वर वळवायला सांगून त्यांनी खाली दाबून धरलं. परत ओरडले. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. एक्स-रेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही. त्यांनी मान वळवून बघितली, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का ते विचारलं. कारण त्या हाडाच्या मागच्या खोबणीतून एक शीर जाते. कोपर दाराला आपटलं की झणकन करंट बसतो ना, तीच. कधी कधी दुखणं दोरीचं आणि शिरेचं मिळून असतं. मला रात्री थोड्या मुंग्या यायच्या. हात दुमडून उशीखाली घालून झोपायची सवय, ती त्यांनी मोडायला सांगितली. तेव्हापासून मी कोपराला टॉवेल गुंडाळून झोपते, म्हणजे ते पूर्ण दुमडतच नाही.

त्यांनी इंजेक्शनचा पर्याय सांगितला. स्टेरॉइडचं. हेही स्पष्ट सांगितलं की हे दुखणं दाबेल, दोरी दुरुस्त करणार नाही, नंतर हात जपावा लागेल, आणि साखर काही दिवस वाढेल. मी त्यातलं ‘दुखणं दाबेल’ एवढंच ऐकलं. इंजेक्शन घेतलं. साखर खरंच चार-पाच दिवस वर गेली, मग उतरली. आणि हात! मंडळी, तिसऱ्या दिवशी मला वाटलं मी वीस वर्षांची झाले. कप उचलते, कडी लावते, काही नाही. लगेच होळीच्या ऑर्डरी घेतल्या. 160 पुरणपोळ्या. पुरणयंत्र स्वतः फिरवलं, कारण मिक्सरमधलं पुरण मला पटत नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश हातातून पडला. पहिल्यापेक्षा दुप्पट दुखत होतं. यात डॉक्टरांचा काही दोष नाही, मी त्यांचं अर्धंच ऐकलं. पुढे मला सांगण्यात आलं की याच दुखण्यातल्या 60 कोपरांवर केलेला एक अभ्यास 1997 साली हाडांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात आला होता. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांचं दुखणं कमी होतं, पण तीन महिन्यांनी आणि वर्षाने बघितलं तर घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक उरला नव्हता. मला ते होळीआधी माहीत असतं तरी मी ऐकलं असतं का, हे देवच जाणे.

आता घरात लपवणं शक्य नव्हतं. ह्यांनी माझ्या हातून लाटणं काढून घेतलं, अगदी शब्दशः. पोळ्या बंद. एप्रिल आणि मे, दोन महिने. मी फोन करून एकेका घरी सांगितलं. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही. पहाटे साडेचारला जाग यायची आणि करायला काही नसायचं. ए विंगमधले एकटे राहणारे आजोबा रोज चार पोळ्या घ्यायचे. ते वर आले आणि म्हणाले, ‘तीन केल्यास तरी चालतील हो.’ त्यांना वाटलं चार जास्त होत असतील. मी आत जाऊन रडले.

त्या दोन महिन्यांच्या विश्रांतीने दुखणं जवळजवळ गेलं. जूनमध्ये आनंदाने एक किलो कणीक भिजवली आणि संध्याकाळपर्यंत सगळं परत. तेव्हा मात्र मी घाबरले. काम केलं तर दुखतं, नाही केलं तरी बरं होत नाही, मग करायचं काय?

इथे आपल्याच सोसायटीतली पोरगी भेटली. नाव घेत नाही, तिला आवडत नाही, पण तुम्हाला कळेल. बी विंगमध्ये लहानाची मोठी झाली, शाळेच्या डब्यात माझी गूळपोळी न्यायची, आता फिजिओथेरपिस्ट आहे. जिन्यात मला डाव्या हाताने पिशवी उचलताना बघून तिने थांबवलं. तिथेच पायरीवर बसून माझा हात तपासला. मी म्हटलं, ‘सूज उतरत नाही गं.’ ती म्हणाली, ‘काकू, सूज नाहीच आहे, मग उतरणार काय?’

तिने समजावलं ते असं. पूर्वी या दुखण्याला सूज समजायचे. दोरीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा सूज फारशी सापडलीच नाही. सापडले ते विस्कटलेले धागे. चांगल्या दोरीत धागे एकमेकांना धरून सरळ असतात. झेपेल त्याहून जास्त ताण पुन्हा पुन्हा आला आणि मध्ये सावरायला वेळ मिळाला नाही की ते झिजतात, कसेही वाढतात. त्यात दोरीला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी, म्हणून दुरुस्ती सावकाश. साखर असेल तर आणखी सावकाश. आणि गंमत म्हणजे दोरीला नुसती विश्रांती दिली तर ती दुखायची थांबते, पण अशक्तही होते. तिला ताण लागतोच, मोजून मापून. ‘कणकेसारखं आहे काकू,’ ती म्हणाली, ‘न मळता ठेवली तर पोळी होईल का?’ मला हे लगेच पटलं. डॉक्टरी भाषेत सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पहिले दोन आठवडे व्यायाम म्हणजे काहीच न हलवणं. टेबलावर हात ठेवायचा, तळवा वर. डाव्या हाताने तळव्यावर खाली दाबायचं आणि उजव्याने ते दाबू द्यायचं नाही. मनगट जागचं हलता कामा नये. 30 ते 45 सेकंद धरायचं, मग मिनिटभर सोडायचं, असं पाच वेळा. मी मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हणायचे, पण माझ्या वेगात ते घड्याळाच्या पुढे जातं, म्हणून मग मोबाईल लावला.

मग वजन. मी म्हटलं डंबेल आणायला लागेल. ती म्हणाली, ‘डाळ आहे ना घरात?’ अर्धा किलो तुरीच्या डाळीचं पाकीट. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा वर, त्यात पाकीट. वर न्यायचं ते डाव्या हाताच्या मदतीने, आणि खाली सोडायचं ते फक्त उजव्याने, अगदी हळू, चार आकडे मोजत. खाली सोडताना दोरीवर जो ताण येतो तोच औषध. पंधरा वेळा, थांबून परत पंधरा, परत पंधरा. ते सोपं झालं की एक किलो मिठाची पिशवी. पुढे वजन आणखी वाढलं, तेव्हा वेळा कमी केल्या आणि एक दिवसाआड केलं. तळवा उलटसुलट करायचा व्यायाम लाटण्याने, एका टोकाला धरून दुसरं टोक बाहेर ठेवायचं आणि हळूहळू फिरवायचं. नंतर लाटण्याच्या जागी खलबत्त्यातला बत्ता आला. बोटांना रबरबँड लावून बोटं उघडायची, कारण मूठ आवळणारे स्नायू कामाला लागतात तसे उघडणारेही लागले पाहिजेत. खांद्याचेही व्यायाम दिले. मी विचारलं खांद्याचा काय संबंध, तर म्हणाली खांदा आळशी असला की त्याचं काम कोपराला करावं लागतं. आमच्या घरातही असंच चालतं, म्हणून जास्त विचारलं नाही.

दुखलं तर काय करायचं, हा माझा मोठा प्रश्न. तिने शून्य ते दहा असं माप दिलं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी हवं. सकाळी जास्त असेल तर वजन जास्त झालं, एक पायरी खाली या. मी तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लिहायला लागले, दुधाच्या लिटरच्या शेजारी. एका चौकोनात दीड आणि चार. ह्यांनी महिन्याच्या शेवटी दूधवाल्याचा हिशेब करताना माझं दुखणंही बेरजेत धरलं आणि त्याला साठ लिटर जास्त सांगितले. तो बिचारा घेणारच होता पैसे.

जून, जुलै, ऑगस्ट. आकडे भराभर उतरत नाहीत. चार, चार, तीन, चार, तीन. आठवडाभर बघितलं तर काही हललं नाही असं वाटतं. कॅलेंडरचं मागचं पान उलटून बघितलं तरच कळायचं. गणपतीत मी पहिल्यांदा दोन लिहिलं. उकडीचे मोदक वळताना हात दुखला नाही. मोदकाला बोटांची नाजूक पकड लागते, जोर लागत नाही.

आणि मग दिवाळी. मला वाटलं झालं सगळं. ह्यांना भाजीला पाठवलं आणि दोन किलो भाजणीच्या चकल्या पाडून घेतल्या. दोनच किलो! दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर सहा. मला त्या पोरीला सांगायची लाज वाटली, म्हणून मी पाच लिहिलं. तिने आकडा बघितला, घरभर पसरलेला चकलीचा वास घेतला आणि एक चकली तोंडात टाकून म्हणाली, ‘ठीक आहे, परत अर्ध्या किलोच्या डाळीवर.’ रागावली नाही. म्हणाली असं मागेपुढे होणारच, पहिल्यापासून सुरुवात नाहीये ही. आणि खरंच, दहा-बारा दिवसांत परत दोनवर आले. पहिल्या वेळी त्याला तीन महिने लागले होते.

व्यायामाइतकंच काम करायची रीत बदलण्यावर तिचा भर होता. एक दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून नुसती बघत होती. मी मुठीने कणीक तिंबत होते, मनगट आत वाकलेलं. तिने परात ओट्यावरून उतरवून बुटक्या टेबलावर ठेवायला लावली, म्हणजे अंगाचं वजन वापरता येतं. मूठ बंद, तळव्याच्या मागच्या भागाने दाबायचं, मनगट सरळ. कणीक आधी भिजवून तेलाचा हात लावून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवायची, निम्मी मळणी ती स्वतःच करते. हे शेवटचं मला माहीत होतं, पण घाईत करत नव्हते. लाटणं गच्च धरायचं नाही. पातेलं एका सांडशीने नाही, दोन्ही बाजूंनी कापड धरून उतरवायचं, आणि मोठं असेल तर उतरवायचंच नाही, गॅस बंद करून तिथेच राहू द्यायचं. कपडे पिळायचे नाहीत, निथळत टाकायचे. खाली ज्यांच्या खिडकीत पाणी पडतं त्यांची मी इथे सर्वांसमोर माफी मागते. बाजाराची पिशवी बोटांना लटकवायची नाही. आपली लिफ्ट मध्ये पाच आठवडे बंद होती, तेव्हा माझ्या पिशव्या तिसऱ्या मजल्यावर कोण कोण ठेवून जायचं ते मला माहीत आहे. मी दाराच्या भोकातून बघत होते.

काम करताना मी कोपराच्या जरा खाली बांधायचा पट्टाही वापरला. थोडा उपयोग झाला, फार नाही. झोपताना काढायचा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून दहा मिनिटं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, बरं होत नाही. ज्यांना सहा महिने, वर्षभर सगळं नीट करूनही फरक पडत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया असते, पण बहुतेकांवर ती वेळ येत नाही. आणि एक महत्त्वाचं, हे हसण्यावारी नेऊ नका. कोपर लाल आणि गरम झालं, ताप आला, जोर देताना एकदम तुटल्यासारखा आवाज येऊन काळंनिळं झालं, किंवा करंगळीकडची दोन बोटं बधिर राहायला लागली, पकड सुटायला लागली, तर डाळीचं पाकीट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि हात दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर तो कोपराचा विषय नाही, सरळ हॉस्पिटल. माझं ऐकून कुणी घरीच मिठाची पिशवी उचलत बसू नये.

आता ह्यांच्याबद्दल. ते शेवटच्या रांगेत बसलेत म्हणून सांगते. ऑगस्टमध्ये मी परत पोळ्या सुरू केल्या तेव्हा त्या पोरीची अट होती, रोज तीस, आणि कणीक दुसऱ्या कुणीतरी मळायची. मशीन घ्या म्हणाली. मशीनला तेव्हा पैसे नव्हते. तेव्हा ह्यांनी बाह्या सरसावल्या. तीस वर्षांच्या संसारात परातीला कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशीच्या कणकेच्या पोळ्या आम्ही दोघांनीच खाल्ल्या, म्हणजे चावल्या. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त, तिसऱ्या दिवशी मीठ दोनदा. मी स्टुलावर बसून सांगायचे, तोंडाने. हात पुढे जायचा, मग हे ओरडायचे, ‘हात मागे!’ पंधरा दिवसांत त्यांना जमलं. आज तुमच्या घरी येणारी पोळी लाटते मी, भाजते मी, पण मळतात हे. ए विंगच्या आजोबांनी सगळ्यात आधी ओळखलं. म्हणाले, ‘हल्ली पोळी जास्त मऊ झाली आहे, काय बदललं?’ मी सांगितलं नाही. आज सांगितलं.

जानेवारीत कॅलेंडरवर सलग नऊ शून्यं आली. आज मी रोज 70 पोळ्या करते, 120 नाही. राहिलेल्या घरांना मी डी विंगमधल्या एका ताईंचा नंबर दिला, त्यांचीही पोळी चांगली आहे, फक्त जरा जाड असते. चकलीच्या ऑर्डरी बंद. फीच्या शेवटच्या दोन हप्त्यांसाठी माझ्या पाटल्या मोडल्या, हे धाकट्याला माहीत नव्हतं, स्मरणिका वाचून कळेल. आठवड्यातून दोन दिवस मी अजून मिठाची पिशवी उचलते. कधी थंडीत, कधी जास्त काम झालं तर, आत एक बारीक कळ येते. तेव्हा मी थांबते आणि ह्यांना हाक मारते.

रौप्यमहोत्सवाच्या स्नेहभोजनासाठी समितीने माझ्याकडे 300 पुरणपोळ्यांची विचारणा केली होती. सेक्रेटरी साहेब स्वतः घरी आले, म्हणाले, ‘पंचवीस वर्षं झाली काकू, तुमच्याच हातची हवी.’ मी त्यांना म्हटलं, पुरण मी शिजवीन, वेलची-जायफळ मी घालीन, पहिल्या पंचवीस पोळ्या मी लाटीन. यंत्र फिरवायला प्रत्येक विंगमधून दोन-दोन माणसं पाठवा, पुरुष असतील तर उत्तम. अजून फक्त ए आणि सी विंगची नावं आली आहेत. बी आणि डी विंगच्या लोकांनी बटाटेवडे खाऊन झाले की माझ्याकडे नावं द्यावीत.

आणि व्यायाम कसे करायचे ते ती पोरगी येत्या रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये दाखवणार आहे. टेबलं सोसायटीची आहेत. डाळीचं पाकीट मात्र प्रत्येकाने आपापल्या घरून आणायचं आहे.